डीएनए पुनःसंयोजन करणाऱ्या विकरांची कार्यपद्धती त्यांच्या रचनेतून कशी वाचावी

पदवीच्या वर्गात डीएनएचे पुनःसंयोजन शिकवताना फळ्यावर दोन समांतर रेषा काढल्या जातात, त्यांना छेद दिला जातो, बाणांनी टोकांची अदलाबदल दाखवली जाते आणि विषय पुढे सरकतो. हे बाण कोणत्या पुराव्यावरून काढले, असा प्रश्न परीक्षेत येत नसल्यामुळे तो फारसा कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक त्यांतील पुष्कळसे बाण प्रथिनांच्या त्रिमितीय रचना पाहून, मोजून आणि एकमेकींशी ताडून काढलेले आहेत, आणि ते काम साध्या लॅपटॉपवर स्वतः करून पाहता येते. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ भागातील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान किंवा जैवरसायनशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे प्राध्यापक, आणि खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधन संस्थेत प्रकल्प करण्याची इच्छा असणारे तरुण यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. प्रत्येक रचना ही विकराची एका क्षणी थांबलेली अवस्था असते, तिच्यात हालचाल नसते. वाशीतील एखाद्या चौकाचे एकच छायाचित्र पाहून तेथील सिग्नलचा क्रम सांगता येत नाही. परंतु वेगवेगळ्या वेळी घेतलेली चार-पाच छायाचित्रे शेजारी ठेवली, की समोरासमोरच्या दोन बाजू एकाच वेळी सुटतात आणि उरलेल्या दोन त्या वेळी थांबलेल्या असतात, हे आपोआप ध्यानात येते. म्हणून कोणतीही रचना उघडताना विकराला कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या युक्तीने थांबवले आहे, हे आधी विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत रंगीत चित्रे काढत बसू नये.

तयारी

रचनांच्या फाइली प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक रचनेला चार अक्षर-अंकांचा संकेतांक असतो. या लेखात ते देवनागरीत दिले आहेत. शोधताना तेच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावे. संकेतस्थळावरच चालणारा मोलस्टार हा दर्शक प्राथमिक पाहणीला पुरतो आणि त्यासाठी काही इन्स्टॉल करावे लागत नाही. रचना एकमेकींवर बसवून पाहायच्या असतील, तर शैक्षणिक वापरासाठी मोफत असलेले कायमेराएक्स उतरवून घ्यावे. त्यातील मॅचमेकर हे साधन पुढे वारंवार लागणार आहे. याशिवाय एक साधी वही हवी, कारण मोजलेली अंतरे पडद्यावर ठेवली की हरवतात.

अभ्यासासाठी पहिले विकर म्हणून क्रे रीकॉम्बिनेज निवडावे. पी१ या जीवाणुभक्षी विषाणूचे हे प्रथिन ३४३ अमिनो आम्लांचे आहे. लॉक्स-पी हे त्याचे लक्ष्यस्थळ ३४ बेस-जोड्यांचे असते. दोन्ही टोकांना १३-१३ जोड्यांचे एकमेकांच्या उलट दिशेने लिहिलेले भाग आणि मध्ये ८ जोड्यांचा असममित दुवा, अशी त्याची बांधणी आहे. त्या दुव्यामुळेच स्थळाला दिशा मिळते. एकाच रेणूवरील दोन स्थळे एकाच दिशेने असतील, तर त्यांमधील तुकडा वर्तुळ होऊन बाहेर पडतो. विरुद्ध दिशांनी असतील, तर तो जागच्या जागी उलटतो. क्रेला एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारा रेणू) लागत नाही आणि मदतनीस प्रथिनेही लागत नाहीत. त्याच्या रासायनिक क्रियेच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची रचना आज उपलब्ध आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

पहिली पायरी: फाइलचे शीर्षक आणि अवस्था

१सीआरएक्स ही रचना उघडावी. ग्रेगरी व्हॅन डाइन यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली, क्रे आणि डीएनए यांच्या संकुलाची ही पहिली स्फटिकरचना. तिचे विभेदन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो त्याचे माप, २.४ अँगस्ट्रॉम (अणूंमधील अंतरे मोजण्याचे एकक) आहे. या आकड्याचा अर्थ आधीच समजून घ्यावा. या पातळीवर अमिनो आम्लांच्या पार्श्वशाखा ओळखू येतात आणि नीट धरून ठेवलेले पाण्याचे रेणूही दिसतात, परंतु हायड्रोजनचे अणू दिसत नाहीत. त्यामुळे कोणत्या गटाने प्रोटॉन दिला आणि कोणी घेतला, हे या चित्रातून थेट वाचता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या अहवालांत नेमके तेच सर्वांत ठामपणे लिहिलेले आढळते.

त्यानंतर असेम्ब्लीचा पर्याय तपासावा. स्फटिकाच्या पुनरावृत्त एककात दोन क्रे रेणू आणि एक लॉक्स स्थळ एवढेच असते. प्रत्यक्ष काम करणारी चार क्रे आणि दोन डीएनए यांची चौकडी सममितीचा वापर करून तयार करावी लागते. ही पायरी गाळली, तर निम्मे यंत्र पाहूनच निष्कर्ष काढले जातात आणि उपएककांमधील (चौकडीतील एकेका क्रे रेणूमधील) सर्वांत बोलका संपर्क नजरेतून सुटतो.

या रचनेत विकराला आत्मघाती सबस्ट्रेट, म्हणजे क्रिया अर्ध्यावर अडकवणारा डीएनए, देऊन थांबवले होते. छेदाच्या जागेजवळ डीएनएच्या धाग्यात आधीच एक फट ठेवलेली असते. विकराने आपला छेद दिला, की लहानसा तुकडा सुटून जातो आणि उलटी क्रिया होण्यासाठी लागणारे टोकच उरत नाही. परिणामी विकर डीएनएला सहसंयुज बंधाने जोडलेल्या अवस्थेत अडकून राहतो.

दुसरी पायरी: सक्रिय स्थळ मोजणे

येथे घाई करू नये. टायरोसिन ३२४ (साखळीतील ३२४ वे अमिनो आम्ल) शोधावा आणि त्याच्या पार्श्वशाखेच्या टोकावरील ऑक्सिजनपासून जवळच्या डीएनए फॉस्फेटमधील फॉस्फरसपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही क्रे साखळ्यांत हे मोजमाप स्वतंत्रपणे करावे. एका साखळीत ते सुमारे १.६ अँगस्ट्रॉम येते, म्हणजे तेथे फॉस्फरस-ऑक्सिजन बंध आहे. दुसरीत ते बंधाच्या अंतरापेक्षा स्पष्टपणे जास्त येते. दर्शकाने बंधाची काडी काढली आहे की नाही, यावर विसंबू नये, आकड्यावर विसंबावे.

या एका मोजमापातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, छेद देणारा गट टायरोसिनचा आहे आणि तो धाग्याच्या तीन-प्राइम बाजूच्या फॉस्फेटला चिकटतो (तीन-प्राइम आणि पाच-प्राइम ही डीएनए धाग्याच्या दोन टोकांची नावे). पाच-प्राइम बाजूला मोकळा हायड्रॉक्सिल गट सुटतो. दुसरी, एक बंध तुटताना तशाच स्वरूपाचा दुसरा बंध तयार झाला आहे, त्यामुळे ऊर्जा वाया गेलेली नाही आणि धागा पुन्हा जोडण्यासाठी एटीपीची गरज राहत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. चार उपएककांपैकी समोरासमोरचे दोनच सक्रिय असतात आणि उरलेले दोन त्या वेळी थांबलेले असतात. एका वेळी दोनच धागे का कापले जातात आणि दोन्ही डीएनए रेणू पूर्ण तुटून कधीच का वेगळे होत नाहीत, याचे उत्तर या अर्ध्या सक्रियतेत आहे.

आता फॉस्फेटभोवतीचे शेजारी पाहावेत. आर्जिनिन १७३, हिस्टिडिन २८९, आर्जिनिन २९२ आणि ट्रिप्टोफॅन ३१५ हे फॉस्फेटच्या न जोडलेल्या ऑक्सिजन अणूंच्या आसपास सापडतील. क्रियेच्या मधल्या क्षणी साठणारा ऋणभार सांभाळणे हे त्यांचे काम. लायसिन २०१ मात्र वेगळा तपासावा. तो दोन बीटा-पट्ट्यांमधील एका लवचिक वळणावर बसलेला आहे. सक्रिय साखळीत हे वळण डीएनएच्या लहान खाचेत शिरून छेदाच्या जागेजवळ पोहोचते, तर निष्क्रिय साखळीत तशी मांडणी नसते. सुटणाऱ्या पाच-प्राइम ऑक्सिजनला प्रोटॉन देणारा गट हाच असावा, असे येथे वाटू लागते. पण हायड्रोजन दिसत नसल्याने ते अजून अनुमानच आहे.

अनुमानाची परीक्षा रसायनाने घ्यावी लागते आणि तिची एक सुंदर पद्धत आहे. छेदाच्या जागी सुटणाऱ्या ऑक्सिजनऐवजी गंधकाचा अणू बसवलेला डीएनए तयार करतात. गंधक प्रोटॉनच्या मदतीविनाही सहज सुटतो. म्हणून एखादा अवशेष (साखळीतील एक अमिनो आम्ल) बदलल्यावर साधा डीएनए कापला जात नसेल, पण गंधकाचा डीएनए कापला जात असेल, तर तो अवशेष प्रोटॉन देण्याचे काम करत होता, असे म्हणता येते. व्हॅक्सिनिया विषाणूच्या टोपोआयसोमरेज या नात्यातल्या विकरात लायसिन १६७ ची भूमिका याच मार्गाने उघड झाली. रचना संशयित दाखवते. साक्ष प्रयोगशाळेत घ्यावी लागते.

संक्रमण अवस्थेचे चित्र पाहायचे असल्यास ३एमजीव्ही उघडावी. तिच्यात फॉस्फेटच्या जागी व्हॅनेडियमचे संयुग बसवलेले आहे आणि त्याभोवती पाच ऑक्सिजन जमतात. टायरोसिनचा ऑक्सिजन, मधला व्हॅनेडियम आणि सुटणारा पाच-प्राइम ऑक्सिजन या तिघांमधील कोन मोजावा. तो सरळ रेषेच्या जवळ येतो, म्हणजे हल्ला एका बाजूने होतो आणि सुटका बरोबर विरुद्ध बाजूने होते. पाठ्यपुस्तकातला बाण याच रेषेवरून आलेला आहे.

तिसरी पायरी: उपएककांमधील संपर्क

चौकडीतील प्रत्येक साखळीला निराळा रंग द्यावा आणि साखळीचे शेवटचे टोक शोधावे. एन नावाचा शेवटचा हेलिक्स (साखळीचा मळसूत्री भाग) आपल्या मूळ उपएककाला सोडून शेजाऱ्याच्या खोबणीत जाऊन बसलेला दिसेल. त्या शेजाऱ्याचा पुढच्याच्या खोबणीत, आणि असे करत चक्र पूर्ण होते. प्रथिनाच्या ज्या जोडभागाने हा हेलिक्स बांधलेला आहे, तो टायरोसिन ३२४ च्या लगतच आहे. त्यामुळे एका उपएककाची स्थिती बदलली, की तिचा ताण शेजाऱ्याच्या सक्रिय स्थळापर्यंत पोहोचतो. समोरासमोरचे दोन सुरू आणि लगतचे दोन बंद, ही शिस्त या जोडणीतून पाळली जाते.

डीएनएला न जोडलेले मोकळे क्रे हा हेलिक्स कोठे ठेवते, याचे उत्तर स्फटिकांतून मिळाले नव्हते. २०२० मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या अभ्यासातून दिसले की तो स्वतःच्याच सक्रिय स्थळावर झाकणासारखा बसतो आणि डीएनएशी गाठ पडल्यावर बाहेर पडतो. म्हणजे भलत्या जागी छेद पडू नये याची व्यवस्था रचनेतच केलेली आहे.

या ठिकाणी १एफएलओ ही रचना शेजारी ठेवावी. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली ही यीस्टमधील एफएलपी रीकॉम्बिनेजची रचना. रसायन तेच, टायरोसिन तोच, चौकडीही तशीच. पण येथे शेजाऱ्याला दिला जाणारा हेलिक्स टायरोसिनलाच सोबत घेऊन जातो. त्यामुळे एफएलपीमध्ये एका उपएककाचे सक्रिय स्थळ शेजाऱ्याकडून आलेल्या टायरोसिनने पूर्ण होते, आणि क्रे मात्र स्वतःच्याच टायरोसिनने कापते. दोन रचना तासभर शेजारी ठेवून हा फरक स्वतः शोधावा. वाचून तो लक्षात राहत नाही.

चौथी पायरी: अवस्था क्रमाने लावणे

आता छेदापूर्वीची अवस्था हवी. ४सीआरएक्स आणि ५सीआरएक्स या १९९९ च्या रचना त्यासाठी योग्य आहेत. त्यांत आर्जिनिन १७३ च्या जागी लायसिन किंवा टायरोसिन ३२४ च्या जागी फेनिलॲलॅनिन घालून विकराला अपंग केले आहे, त्यामुळे डीएनए अखंड राहतो. येथे एक सापळा आहे: फेनिलॲलॅनिनला टोकाचा ऑक्सिजन नसतो, म्हणून आधीच्या मोजमापाशी तुलना करताना दोन्हीकडे वलयाच्या टोकाचा कार्बन धरावा. या रचनांत डीएनए मधोमध न वाकता एका बाजूला सरकून वाकलेला दिसतो. वाकण्याची ही असममिती कोणता धागा आधी कापला जाणार, याच्याशी निगडित आहे. मात्र ज्या स्फटिकांत स्थळ मुद्दाम सममित करून वापरले आहे, त्यांवरून नैसर्गिक स्थळातील धाग्यांचा क्रम सांगू नये. तो क्रम जैवरासायनिक प्रयोगांतूनच घ्यावा.

त्यानंतर १९९८ मधील २सीआरएक्स आणि ३सीआरएक्स उघडाव्यात. या हॉलिडे संधीच्या रचना आहेत. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये चार हातांची जी जोडणी कागदावर मांडली होती, ती येथे विकराच्या कुशीत जवळजवळ सपाट चौकोनी रूपात दिसते. मॅचमेकरने ही रचना १सीआरएक्सवर बसवावी. बसवताना संपूर्ण चौकडी न वापरता एकाच उपएककाचा उत्तरार्ध, म्हणजे डीएनए कापणारा भाग, आधार म्हणून निवडावा. संपूर्ण चौकडी वापरली तर लहान फरक सरासरीत विरून जातात.

येथे दिसणारी गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. प्रथिनाची चौकट फारशी हलत नाही. छेद झाल्यावर दोन-तीन न्यूक्लिओटाइडांचा मोकळा धागा आपल्या मूळ जोडीदारापासून सुटतो आणि समोरच्या डीएनएशी बेस-जोड्या जुळवतो. दोन लॉक्स स्थळांचे मधले दुवे एकसारखे नसतील तर या जोड्या जुळत नाहीत, पाच-प्राइम टोक नीट जागी येत नाही आणि क्रिया उलटी फिरते. जुने प्रचलित चित्र हॉलिडे संधीचे हात मोठ्या अंतराने फिरताना दाखवत असे. रचनांनी दाखवले की संधीच्या किंचित बदलाने सक्रिय आणि निष्क्रिय जोड्यांची भूमिका बदलते आणि उरलेले दोन धागे कापले जातात. माझ्या मते रचनाशास्त्राने या क्षेत्राला दिलेली ही सर्वांत मोठी दुरुस्ती आहे.

तुलना करताना कोणता भाग फाइलमध्ये नाहीच, याचीही नोंद घ्यावी. क्रेच्या सुरुवातीचे काही अवशेष स्फटिकात अस्थिर असल्याने दिसत नाहीत. न दिसणारा भाग निरुपयोगी असतो असे नाही. पुष्कळदा तो हलत असतो, एवढाच त्याचा अर्थ. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेली रचना उघडल्यास असे भागही काढलेले दिसतात, परंतु ते प्रायोगिक पुराव्यावर उभे नसतात आणि विकर क्रियेच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे ते सांगत नाहीत.

एकाच रचनेवर विसंबण्याचा धोका

छेदासाठी टायरोसिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल वापरणाऱ्या रीकॉम्बिनेजांची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. गामा-डेल्टा रिझॉल्व्हेजची डीएनएसह रचना १९९५ मध्ये आली, संकेतांक १जीडीटी. तिच्यात छेद देणारा सेरिन १० छेदाच्या फॉस्फेटपासून कितीतरी दूर आहे. अंतर मोजून पाहावे, म्हणजे ती सक्रिय अवस्था नाही हे लगेच कळते. त्या एका रचनेवरून कार्यपद्धती मांडणे अशक्य होते. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, सक्रिय करणारे बदल घातलेल्या रिझॉल्व्हेजची चौकडी स्फटिकरूपात मिळाली, संकेतांक १झेडआर४. आता चारही धागे एकदम कापलेले होते, प्रत्येक सेरिन पाच-प्राइम फॉस्फेटला जोडलेला होता, आणि चौकडीच्या दोन अर्ध्यांमध्ये एक सपाट, पाणी टाळणारा पृष्ठभाग होता. तेथे आडव्या खाचा किंवा कुलपासारखी गुंतवण नसल्याने एक अर्धा दुसऱ्यावर १८० अंश फिरू शकतो आणि फिरताना कापलेले धागे सोबत नेतो. हॉलिडे संधी या मार्गात येतच नाही. कायमेराएक्समध्ये हा पृष्ठभाग स्निग्धतेनुसार रंगवून पाहावा. रंगीत पृष्ठभागाचा खरा उपयोग होतो अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

शेवटची पायरी: समरूपता शोधणारी विकरे

क्रे ठरावीक जागा ओळखते. जीवाणूंतील रेकए आणि माणसातील रॅड५१ कोणत्याही क्रमाचा जोडीदार शोधतात, म्हणून येथे प्रश्न बदलतो. रेकएची मोकळी रचना १९९२ मध्ये मिळाली होती, परंतु डीएनए धरलेला सक्रिय तंतू, म्हणजे डीएनएवर ओळीने बसलेल्या अनेक रेकएंची माळ, २००८ पर्यंत अणूंच्या पातळीवर दिसला नव्हता. अडचण अशी, की तंतू कितीही लांब वाढतो आणि स्फटिक होत नाही. निकोला पाव्लेटिच यांच्या गटाने अनेक रेकए एकाच साखळीत सलग जोडले, त्यामुळे तंतूची लांबी ठरावीक झाली. आणि एटीपीऐवजी एडीपी व ॲल्युमिनियम फ्लोराइड वापरून क्रिया थांबवली.

३सीएमडब्ल्यू उघडून डीएनएच्या लगतच्या बेसमधील उभे अंतर क्रमाने मोजत जावे. साध्या डीएनएत ते सर्वत्र सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम असते. येथे तीन बेसच्या गटात ते ३.५ ते ४.२ येते आणि पुढच्या गटाकडे जाताना एकदम ७.८ पर्यंत उडी घेते. म्हणजे तंतूतील डीएनए सरासरी दीडपट ताणलेला असला, तरी तो एकसारखा ताणलेला नाही. तीन-तीन बेसचे गट जवळपास नेहमीच्या ठेवणीत राहतात आणि सगळा ताण गटांच्या मधल्या फटीत येतो. जोडीदाराची पडताळणी तीनच्या टप्प्यांनी होत असावी, असे त्यावरून सुचले, आणि २०१५ मध्ये एरिक ग्रीन यांच्या गटाने एकेका रेणूवर केलेल्या प्रयोगांत स्थिरतेच्या पायऱ्या तशाच तीन-तीन बेसच्या आढळल्या. एटीपीची जागाही पाहावी: ती दोन रेकएंच्या सांध्यावर आहे, त्यामुळे एटीपी असेपर्यंत तंतू टिकतो आणि त्याचे विघटन झाल्यावर सांधा सैल होतो.

कर्करोग-संशोधनाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी यानंतर १एन०डब्ल्यू घ्यावी. २००२ मधील, १.७ अँगस्ट्रॉम विभेदनाची ही रचना रॅड५१ आणि बीआरसीए२ (कर्करोगाशी संबंधित एक प्रथिन) मधील चौथा बीआरसी भाग यांचे संकुल दाखवते. बीआरसी भागातील फेनिलॲलॅनिन १५२४ आणि ॲलॅनिन १५२७ रॅड५१ च्या ज्या दोन खळग्यांत बसतात, त्याच खळग्यांत तंतू बनताना शेजारच्या रॅड५१ चे फेनिलॲलॅनिन ८६ आणि ॲलॅनिन ८९ बसतात. बीआरसीए२ शेजाऱ्याचे सोंग घेऊन रॅड५१ ला धरते, हे येथे अणूंच्या पातळीवर दिसते. आधी या दोन खळग्यांच्या भिंतींवरील अवशेषांची यादी वहीत करावी, आणि मगच रुग्णांत आढळणारे बदल या भागात कोठे पडतात ते तपासावे. क्रम उलटा केला, तर प्रत्येक बदल महत्त्वाच्या जागी पडल्यासारखा वाटू लागतो.